संगणकाचे राखीव बियाणे

कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख आहे. येथल्या शेतकऱ्याच्या घरी भात दोन ठिकाणी असते. खावयाचे भात कणगीत राहते. पेरावयाचे भात निवडून, वाळवून, पेंढ्याच्या मुड्यात बांधून निराळे ठेवले जाते. घरात कितीही ओढाताण असली तरी मुड्याला हात लावावयाचा नाही, हा जुना दंडक. पुढच्या वर्षीचे शेत त्या मुड्यात असते. ही व्यवस्था शहाणपणाची खरी; पण तीत एक उणीव आहे. मुडा आणि कणगी ही दोन्ही एकाच छपराखाली असतात. घराला आग लागली किंवा नदीचे पाणी आत शिरले, तर खावयाचे भात जाते आणि पेरावयाचेही जाते.

या उणिवेवरचा उपाय आपल्याच गावात, कर्जतच्या भात संशोधन केंद्रात पाहावयास मिळतो. कर्जत-१८४, कर्जत-३ यांसारखे वाण या केंद्राच्या नावाने शेतकऱ्यांस ठाऊक आहेत. वाणाचे मूळ बियाणे, ज्याला पैदासकार बियाणे म्हणतात, ते जाणकारांच्या देखरेखीखाली शुद्ध राखले जाते. त्यापासून पायाभूत आणि पायाभूतापासून प्रमाणित बियाणे तयार होते व ते शेतकऱ्याच्या हाती येते. एखाद्याच्या घरचे बियाणे कुजले तरी वाण नाहीसा होत नाही. तो बाहेरून पुन्हा आणता येतो. घरचे बियाणे सोयीचे, बाहेरचे बियाणे खात्रीचे, असा हा भेद आहे.

आजचा आमचा विषय शेतीचा नाही, संगणकाचा आहे. परंतु हा भेद ज्याच्या ध्यानात राहील त्याला पुढचे सारे सोपे जाईल. आता लॅपटॉप ही साहेबाच्या मेजावरची वस्तू राहिलेली नाही. कर्जत-खोपोलीहून लोकलने मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराच्या पिशवीत तो असतो, बाजारपेठेतल्या दुकानदाराचा हिशेब त्यात असतो, गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाचे इतिवृत्त त्यात असते आणि मुलीच्या परीक्षेचा प्रकल्पही त्यातच असतो. एके सकाळी झाकण उघडावे तो पडद्यावर निळी पाटी येते. यंत्राला दुरुस्त हो म्हणून सांगावे, तर ते कळविते की दुरुस्तीची सामग्रीच सापडत नाही. म्हणजे कणगीही गेली आणि मुडाही गेला. अशा वेळी काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, हे येथे सांगावयाचे आहे.

राखीव खण म्हणजे काय

संगणक सुरू होऊन आपल्याशी बोलू लागतो तो कार्यप्रणालीमुळे. आपल्याकडील बहुसंख्य लॅपटॉपवर ही कार्यप्रणाली म्हणजे मायक्रोसॉफ्टची विंडोज होय. पूर्वी संगणक घेतला की विंडोजची तबकडी सोबत मिळे. पुढे उत्पादकांनी तबकड्या देणे थांबविले आणि तोच मजकूर यंत्राच्या आतल्या डिस्कवर एका झाकलेल्या भागात ठेवावयास सुरुवात केली. डिस्कच्या अशा भागाला पार्टिशन म्हणतात. आपण त्याला खण म्हणू. कपाट एकच, पण आत फळ्या घालून त्याचे खण केलेले, तसाच हा प्रकार.

साधारण नव्या लॅपटॉपच्या डिस्कवर चार-पाच खण असतात. पहिला लहानसा, शंभर ते दोन-तीनशे एमबीचा. यंत्र सुरू करताना लागणारा प्रारंभीचा मजकूर त्यात असतो. दुसरा त्याहूनही चिमुकला, विंडोजच्या स्वतःच्या व्यवस्थेसाठी. तिसरा मोठा, त्यालाच आपण सी ड्राइव्ह म्हणतो. विंडोज त्यात असते आणि आपली कागदपत्रेही बहुधा त्यातच असतात. त्यानंतर येतो रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे राखीव खण.

येथे बहुतेकांचा एक घोटाळा होतो. राखीव खण या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू मोडतात. एक आहे विंडोजचा दुरुस्ती-कक्ष. हा साधारण पाचशे ते हजार एमबीचा असून त्यात दुरुस्तीची हत्यारे असतात, संपूर्ण विंडोज नसते. दुसरा असतो उत्पादकाचा मोठा खण, दहा-वीस जीबीचा किंवा त्याहून मोठा. यंत्र कारखान्यातून निघाले त्या दिवशीच्या स्थितीची पूर्ण नक्कल त्यात असते. पहिली हत्यारांची पेटी, दुसरा बियाण्याचा मुडा. आपल्या यंत्रावर मोठा खण असेलच असे नाही. विंडोज १० पासून यंत्र पूर्ववत करण्याची सोय बहुतांशी त्या मोठ्या खणावाचून चालते. डिस्कवरच्याच मजकुरातून किंवा २०२० पासून इंटरनेटवरून सुमारे चार जीबी मजकूर उतरवून घेऊन विंडोज स्वतःला पुन्हा उभी करते. परंतु हे काम बहुधा दुरुस्ती-कक्षात बसूनच व्हावयाचे असते. तो कक्षच नासला तर पुढची वाट बंद होते.

हा कक्ष किती मोलाचा आहे याचे प्रत्यंतर साऱ्या जगाला १९ जुलै २०२४ रोजी आले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी कोलमडले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. उपाय तसा छोटा होता: दुरुस्ती-कक्षात किंवा सुरक्षित अवस्थेत शिरून एक फाइल पुसावयाची. पण तो प्रत्येक यंत्राजवळ जाऊन करावा लागला आणि ज्यांच्या डिस्कला कुलूप होते त्यांना आधी त्या कुलपाची किल्ली शोधावी लागली. या किल्लीविषयी पुढे येईलच.

खण नासतो कशाने

पहिले कारण अर्धवट राहिलेले काम. विंडोज स्वतःमध्ये सुधारणा करीत असता यंत्र मध्येच बंद पडले तर लिहिलेले आणि लिहावयाचे यांचा मेळ राहत नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आषाढातल्या वादळात वीज किती वेळा जाते हे येथे कोणास सांगावयास नको. लॅपटॉपला बॅटरी असते, तेव्हा आपणास भीती नाही असे वाटते. परंतु चार-पाच वर्षांची थकलेली बॅटरी पाच मिनिटेही तग धरीत नाही. दुसरे कारण डिस्कचीच झीज. तिसरे आपला उत्साह: सी ड्राइव्ह भरला म्हणून जागा वाढविण्यासाठी, 'हा कसला निनावी खण' असे म्हणून कोणी तो पुसून टाकतो. जुन्या डिस्कवरचा मजकूर नव्या एसएसडीवर उतरविताना राखीव खण मागे राहून जातो, हाही त्यातलाच प्रकार.

चौथे कारण आपल्या हातचे नसते. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या दुरुस्ती-कक्षासाठी एक सुरक्षा-सुधारणा पाठविली. तिला त्या खणात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. असंख्य यंत्रांवर खण तेवढा मोठा नव्हता. त्यामुळे सुधारणा पुनःपुन्हा फसत राहिली आणि लोकांना आपले यंत्रच बिघडले असे वाटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये याहून विचित्र घडले. विंडोज ११ ची त्या महिन्याची सुधारणा घेतल्यावर दुरुस्ती-कक्षात गेले की यूएसबीचा कळफलक आणि माउस चालेनासे झाले. कक्ष जागेवर, हत्यारे जागेवर, पण हात बांधलेले. सहा दिवसांत मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती काढावी लागली. बियाणे घरात असणे आणि ते उगवणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढा बोध यातून घ्यावा.

यंत्र अजून चालत असेल तर आपला दुरुस्ती-कक्ष शाबूत आहे की नाही हे आजच पाहता येते. विंडोजच्या आज्ञापटलावर, तो प्रशासक या नात्याने उघडून, 'रीएजंटसी' ही आज्ञा तिरकी रेघ व 'इन्फो' हा शब्द जोडून दिली की कक्ष चालू आहे की बंद, हे यंत्र सांगते. बंद असेल तर त्याच आज्ञेला 'एनेबल' जोडून तो चालू करून पाहावा. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

बिघाड कोठे आहे

१९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांतले पाणी मोठ्या नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली येते, चाके फिरविते आणि मग तारेतून वीज जाते. समजा, दिवे लागले नाहीत. म्हणून कोणी शहाणा अभियंता 'तलाव फुटला' असे म्हणत नाही. तो तलाव, झडप, नळ, चाक, तार या क्रमाने पाहत येतो. संगणक सुरू होणे हीदेखील अशीच एक साखळी आहे. प्रथम मुख्य पाटीवरच्या चिपेतला मूळ कार्यक्रम जागा होतो. तो डिस्क शोधतो. डिस्कवरच्या पहिल्या खणातला प्रारंभीचा मजकूर वाचतो. तो मजकूर विंडोजला हाक मारतो. आणि मग आपला पडदा दिसतो. साखळी कोठे तुटली हे पडद्यावरूनच ओळखता येते.

बटण दाबूनही उत्पादकाचे नाव उमटत नसेल तर दोष विजेचा, मेमरीचा किंवा पाटीचा आहे. विंडोज पुन्हा घालून काही साधणार नाही. नाव उमटते, पण 'सुरू करण्याजोगे साधन नाही' अशी पाटी येते, तेव्हा डिस्क तरी हलली आहे किंवा पहिला खण तरी बिघडला आहे. विंडोज सुरू होऊ पाहते आणि निळ्या पडद्यावर थांबते, तेव्हा डिस्क सापडली आहे, दोष विंडोजच्या मजकुरात आहे. आणि 'दुरुस्ती-कक्ष सापडत नाही, बाहेरचे साधन लावा' अशी सूचना आली तर राखीव खण गेला असे समजावे.

या शेवटच्या सूचनेने लोक घाबरतात. वास्तविक तिच्यात उपायही सांगितलेला आहे: घरचे बियाणे गेले, बाहेरचे आणा. नासलेला राखीव खण जिवंत करण्यात दिवसच्या दिवस घालविण्याचे कारण नाही. कारण त्यात जे होते ते जगात दुसरीकडे मिळते.

मात्र त्याआधी डिस्कची प्रकृती तपासणे अवश्य आहे. बहुतेक उत्पादकांनी ही तपासणी चिपेतल्या मूळ कार्यक्रमातच ठेवलेली असते. एचपीच्या यंत्रावर एफ-२ आणि डेलच्या यंत्रावर एफ-१२ दाबून तेथे जाता येते. राखीव खण नासला तो डिस्कच मरणपंथाला लागली म्हणून असेल, तर त्याच डिस्कवर नवी विंडोज घालणे म्हणजे कुजलेल्या वाशांवर नवी कौले चढविणे होय. अशा वेळी डिस्क बदलावी.

आधी धान्य, मग घर

आता आम्ही या विषयाच्या गाभ्याकडे येतो. यंत्रावर जे काही आहे त्याचे दोन वर्ग पडतात. एक, जे जगाकडून पुन्हा मिळेल. दुसरा, जे फक्त आपल्यापाशी आहे. विंडोज पुन्हा मिळते. वर्ड-एक्सेल पुन्हा मिळतात. सातबाराही पुन्हा मिळतो. २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीसह शासनाच्या संकेतस्थळावरून काढता येतो. डिजिलॉकरमध्ये ठेवलेली गुणपत्रिका पुन्हा मिळते. परंतु आजोबांचा शेवटचा फोटो, दहा वर्षांची दुकानाची वही, संस्थेच्या सभांचे वृत्तान्त, अर्धा लिहून झालेला प्रबंध यांतले काहीही जगातले कोणतेही संशोधन केंद्र परत देऊ शकत नाही. त्या वाणाचे बियाणे एकच आणि ते आपल्या कणगीत.

म्हणून नियम असा की, विंडोज पुन्हा घालण्याच्या कोणत्याही खटपटीआधी दुसऱ्या वर्गातली प्रत्येक वस्तू बाहेर काढावी. दुरुस्तीच्या दुकानात यंत्र देताना 'फॉरमॅट मारून द्या' हे तीन शब्द सहज तोंडातून जातात. त्या तीन शब्दांत दहा वर्षे पुसली जातात. दुकानदाराचा दोष नसतो. त्याला सांगितले ते त्याने केलेले असते.

बंद पडलेल्या यंत्रातून कागदपत्रे काढावी कशी? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली दुसऱ्या संगणकावर एका पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि बिघडलेले यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावे. उबुंटू किंवा मिंट या आवृत्त्या यासाठी चांगल्या. यंत्रावर काही न घालता, 'नुसते वापरून पाहा' हा पर्याय निवडला की विंडोजची डिस्क उघडते आणि तिच्यातल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरविता येतात. दुसरा मार्ग, डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालावी आणि दुसऱ्या संगणकास जोडावी. डिस्कच खरडल्यासारखा आवाज करीत असेल, तर मात्र हे प्रयोग घरी करू नयेत. प्रत्येक फेरीनिशी उरलेसुरलेही जाते.

काय काढावयाचे याची यादी आधी कागदावर करावी. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो आणि डाउनलोड्स हे तर सर्वांना सुचते. परंतु टॅलीचा हिशेब बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. तो टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरात असतो. ब्राउजरात जपून ठेवलेले पासवर्ड आणि जुन्या आउटलुकची टपालाची फाइल यांचीही आठवण मागाहून होते.

या टप्प्यावर ते कुलूप आडवे येऊ शकते. नव्या यंत्रांत विंडोज आपण होऊन डिस्कला बिटलॉकरचे कुलूप घालते. २०२४ च्या आवृत्तीपासून तर मायक्रोसॉफ्टचे खाते वापरून विंडोज ११ नव्याने घातली की हे कुलूप पुष्कळ यंत्रांवर मालकाला न विचारताच बसते. हेतू चांगला आहे; लॅपटॉप चोरीस गेला तरी कागदपत्रे चोराच्या हाती लागू नयेत. परंतु यंत्र कोलमडले की मालकासही तीच भिंत आडवी येते. कुलपाची किल्ली ४८ अंकांची असते आणि ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ते खाते कोणत्या पत्त्याने उघडले, त्याचा पासवर्ड काय, हे पुष्कळांना आठवत नाही. कारण खाते दुकानातल्या मुलाने उघडून दिलेले असते. यंत्र चालू आहे तोच ती किल्ली पाहून वहीत उतरवून ठेवावी. घराची किल्ली जशी शेजारी ठेवतो, तशी ही वही लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता अन्यत्र ठेवावी.

बाहेरचे बियाणे कसे पेरावे

कागदपत्रे सुरक्षित झाली की पुढचे काम निर्धास्तपणे करता येते. दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करण्याचे साधन उतरवून घ्यावे. निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावर असलेले सर्व पुसले जाते. हे बियाणे अधिकृत दुकानातूनच घ्यावे. कोणा परिचिताने दिलेली 'सर्व काही आधीच चालू केलेली' विंडोज फुकट मिळते खरी, पण तिच्यातून तण येते, आणि ते तण बँकेच्या पासवर्डावर वाढते. उत्पादकाची मूळ स्थितीच हवी असेल तर डेल, लेनोवो, एचपी यांच्या संकेतस्थळांवर यंत्राच्या तळाशी असलेला क्रमांक देऊन पुष्कळ यंत्रांसाठी तीही मिळते.

पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे आणि नाव उमटताच डेल व लेनोवोवर एफ-१२, एचपीवर एफ-९, असूसवर एस्केप अशी कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. पडदा आला की लगेच 'इन्स्टॉल' दाबू नये. त्याच पडद्यावर दुरुस्तीचाही पर्याय असतो. आतला दुरुस्ती-कक्ष नासला होता. हा बाहेरून आलेला दुरुस्ती-कक्ष आहे. प्रारंभ-दुरुस्ती एकदा करून पाहावी. कित्येकदा यंत्र येथेच मार्गावर येते.

तसे झाले नाही तर नवी विंडोज घालावी. पुढे डिस्कच्या खणांची यादी येते. ही यादी अगदीच रिकामी दिसली, तर डिस्क मेली असा निष्कर्ष काढू नये. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ यंत्रांवर डिस्कची व्यवस्था एका विशेष पद्धतीने केलेली असते आणि तिचा ड्रायव्हर दिल्यावाचून विंडोजला डिस्क दिसतच नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर घेऊन त्याच पेनड्राइव्हवर ठेवावा व 'लोड ड्रायव्हर' दाबून द्यावा. चांगल्या डिस्का या एका अज्ञानापायी बदलल्या जातात.

खण दिसले की, कागदपत्रे बाहेर आहेत याची पुन्हा एकदा खात्री करून, त्याच डिस्कवरचे जुने खण पुसावे. दुसरी डिस्क किंवा बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर ती आधीच काढून ठेवावी, म्हणजे भलतेच पुसले जाण्याची भीती नाही. मोकळी जागा निवडून पुढे जावे. पहिला लहान खण, सी ड्राइव्ह आणि नवा दुरुस्ती-कक्ष हे सर्व विंडोज स्वतः घडविते. उत्पादकाचा मोठा खण मात्र परत येत नाही, आणि त्याची खंतही करू नये.

परवान्याची किल्ली विचारली तर 'माझ्यापाशी किल्ली नाही' हा पर्याय निवडावा. विंडोजसह विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपांत विंडोज ८ च्या काळापासून, म्हणजे २०१२ पासून, ही किल्ली पाटीवरच्या चिपेतच कोरलेली असते. डिस्क बदलली तरी ती जात नाही. होम की प्रो, ही आवृत्ती पूर्वीचीच निवडली म्हणजे इंटरनेट जोडताच यंत्र आपला परवाना ओळखते. नवा परवाना विकत घेण्याची गरज क्वचितच पडते, हे दुकानात जाण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

एक गोष्ट जुन्या यंत्रांबद्दल. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली. विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रात ते नाही, त्यावर लिनक्स घालून ते आणखी काही वर्षे सुखाने वापरता येते. पुण्यातूनच सुरू झालेल्या सी-डॅकने बॉस नावाची लिनक्सची भारतीय आवृत्तीही काढली आहे.

मराठीचे काय

विंडोज आली, पण आमच्या मजकुराची अक्षरे गेली, ही तक्रार मराठी माणसाची स्वतंत्र तक्रार आहे. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीत टंकलेला लेख नव्या विंडोजवर उघडला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. मजकूर नासलेला नसतो. त्या पद्धतीत फाइलमध्ये मुळात रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात. 'क'चा आकार फक्त फाँटात असतो. फाँट गेला की मुखवटा गेला. यास्तव जुनी विंडोज पुसण्यापूर्वी फाँटांचे फोल्डरही बाहेर काढावे आणि त्या सॉफ्टवेअरची मूळ सामग्री व परवाना शोधून ठेवावा. पुढचे लेखन युनिकोडमध्ये करावे. त्यात 'क' हा सर्वत्र 'क'च असतो, यंत्र बदलले तरी आणि फाँट बदलला तरी. नव्या विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगात जाऊन मराठी जोडली की इन्स्क्रिप्टचा कळफलक मिळतो, आणि २०१९ पासून उच्चाराप्रमाणे टंकावयाचा कळफलकही त्यात आलेला आहे.

मुडा कोठे ठेवावा

सर्व काम आटोपल्यावर एक शेवटचे काम राहते आणि नेमके तेच टाळले जाते. यंत्र ठणठणीत असताना विंडोजच्याच साधनाने ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह करून ठेवावा. कागदपत्रांच्या दोन प्रती कराव्या: एक बाहेरच्या डिस्कवर, दुसरी घराबाहेर, मग ती इंटरनेटवरच्या साठ्यात असो वा नेरळच्या बहिणीच्या कपाटात असो. प्रत केल्यावर ती एकदा उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न उगवून पाहिलेले बियाणे.

घराबाहेर का, हे उल्हासकाठच्या लोकांना वेगळे सांगावयास नको. २६ जुलै २००५ चा पाऊस आणि जुलै २०२१ चा पाऊस यांनी कर्जत परिसरात घरांत पाणी आणले. पाणी कपाटात शिरते तेव्हा लॅपटॉप वरच्या खणात आणि त्याची प्रत असलेली डिस्क खालच्या खणात, असा भेद ते करीत नाही. राखीव खणाचा खरा दोषही हाच होता. तो दुबळा होता असे नव्हे. ज्याचे रक्षण करावयाचे त्याच डिस्कवर तो बसलेला होता.

यंत्रे बिघडणारच. कार्यप्रणाली तर पुन्हा पेरता येते. दोन तासांचे काम. परंतु जे केवळ आपले आहे त्याचे बियाणे जपणे हे कोणत्याही कंपनीचे काम नाही, ते आपले आहे. पावसाळ्यापूर्वी कौले चाळावयाची, गवत काढावयाचे, मुडे वर बांधावयाचे, ही कामे या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या होत आली. त्यांच्या यादीत आता या एका कामाची भर घालावी, आणि ते मृग लागण्यापूर्वी उरकावे.